मुकी मोटार

मोटार दारात आली तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, आणि ती आल्याचं मला कळलंच नाही. खडा फेकायला मान वर केली तर ती समोर उभी. एवढी जवळ, की हात लांबवला असता तर दाराच्या कडीला लागला असता. मी दचकून उठले, सूप कलंडलं आणि तांदूळ पायरीवर सांडले.

आमच्या गल्लीत मोटार शिरली की आधी कुत्र्यांना कळायचं, मग पोरांना, मग आम्हाला. ही मात्र मांजरीसारखी आली होती. उंच, अरुंद, जेमतेम दोन माणसांची. चारी बाजूंनी काचा, जसं काही काचेचं कपाट कुणी चाकांवर ठेवलं होतं. पुढे इंजिनाचं नाकच नव्हतं. आत गोल चाकाऐवजी होडीच्या सुकाणूसारखा एक आडवा दांडा होता. तो दांडा सोडून माझे सासरे खाली उतरले.

"इंजिन कुठंय?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

मामंजींनी त्यांच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. मग म्हणाले, "नाहीये. बिजलीवर चालते. सीटच्या खाली बॅटऱ्या आहेत." आणि पाय धुवायला आत निघून गेले.

कुठून आणली, कशाला आणली, कुणाची आहे, एक शब्द नाही.

संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं होतं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. माझं माहेर इंदुरातच, स्नेहलतागंजात. वडील रेल्वेत कारकून. सासर बड़ा गणपतीच्या देवळाच्या बाजूला. सासरची माणसं मूळची दरबारच्या फौजेतली. तलवारी गेल्या तरी ताठा राहिला होता. मामंजींनी उभी हयात दरबारच्या मोटारखान्यात काढली. आधी मेकॅनिक, मग ड्रायव्हर. फाटकातून आत शिरणारी गाडी ते न बघता ओळखायचे, असं लोक सांगायचे. मोटारखाना आटला तेव्हा एका मिलवाल्या सेठकडे त्यांना नोकरी लागली. मोठी काळी गाडी, इस्त्रीचा पोशाख, मान. आणि एके दिवशी सकाळी त्यांनी किल्ल्या सेठच्या मुनीमजींच्या हातात दिल्या आणि पायी घरी आले. कारण विचारलं तर म्हणाले, "मन नाही लागत."

कारण न सांगता मिळालेली नोकरी लोकांना पचते, सोडलेली पचत नाही. आमच्या समोर एक काका राहायचे, संस्थानच्या पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा दिवस खिडकीत जायचा. मोटार आली त्याच संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भिया, बिना आवाजाची गाडी कोण ठेवतो? ज्याला चुपचाप जायचं असतं तो."

आमचे हे हसले, पण ते हसणं ओठांवरच होतं. हे नव्या सरकारच्या कचेरीत कारकून होते. त्या दिवसांत दरबारच्या मालाची मोजदाद चालू होती. कुठली वस्तू सरकारची, कुठली खाजगी, कुठली मधल्यामध्ये कुणी लांबवली, याची कचेरीत रोज कुजबुज असायची. आणि इकडे मोटारखान्यात हयात काढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या दारात, कुणाला ठाऊक नसलेली मोटार.

"बाबांना विचारा नं सरळ," मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाले, बाईसाहेबांनी दिली. मी म्हटलं, का दिली? तर म्हणाले, हो."

"हो म्हणजे?"

"तेच तर. का दिली याचं उत्तर हो असतं का?"

बाईसाहेब म्हणजे एका सरदारांच्या विधवा. त्यांचं घर दोन-तीन गल्ल्या पलीकडे होतं. हे नाव निघालं आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांना चोरीची भीती नव्हती, दुसरीच होती. सरदार हयात असताना मामंजींनी त्या बाईसाहेबांना वाड्याच्या आवारात मोटार चालवायला शिकवली होती, हे सासूबाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी ते इतकी वर्षं मनात जपून ठेवलेलं होतं. "आता हे रोज दुपारी जाऊन राहिलेत. कुठं जातात सांगत नाहीत," त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. मी कढईतलं हलवत राहिले.

नव्या राज्याला राजधान्या दोन: हिवाळा लागला की सरकार ग्वाल्हेरला जायचं, उन्हाळ्यात परत इंदूरला यायचं. कपाटं, फायली, कारकून, सगळ्यांची वरात. त्या वर्षीही हे निघाले. ट्रंक बांधता बांधता मला म्हणाले, "बाबांवर जरा नजर ठेव. आईला सांगू नको मी असं म्हणालो." दुपारी सासूबाईंनी मला जवळ बसवून तेच सांगितलं. वर म्हणाल्या, "त्याला सांगू नको."

म्हणजे दोघांनी मला एकाच माणसावर पाळतीला ठेवलं, एकमेकांपासून चोरून.

मी नजर ठेवायला लागले आणि जे दिसलं त्यानं संशय वाढतच गेला. मामंजी कुणाशी बोलेनासे झाले होते. पूर्वी संध्याकाळी मित्रांबरोबर सराफ्यात पायी चक्कर असायची, ती बंद झाली. हाक मारली तर वळायचे नाहीत. ताठा म्हणावा तर घरच्या मांजरीला तासन् तास मांडीवर घेऊन बसायचे. मी विचारलं, "मामंजी, चहा ठेवू?" तर म्हणाले, "परवा बघू." मला वाटलं, टोमणा आहे. मी नजर ठेवतेय हे त्यांना कळलंय.

आणि सासूबाई बोलायला लागल्या की ते त्यांच्या तोंडाकडे असं टक लावून बघायचे, की त्या बिचाऱ्या वाक्य अर्धं सोडायच्या. "पोलिसासारखे बघून राहतात गं," त्या म्हणायच्या. "जसं काही मीच काही लपवतेय."

मागच्या पडवीत त्यांनी चार्जिंगचं यंत्र बसवलं. मोटार उभी असली की ते गुणगुणत राहायचं. बॅटऱ्यांची झाकणं उघडून मामंजी कापसाच्या बोळ्यानं तोंडं पुसायचे, पाणी घालायचे, काचेची नळी बुडवून आतलं ॲसिड जोखायचे. त्या वासानं माझं डोकं उठायचं. समोरचे काका एकदा भिंतीवरून डोकावून गेले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की आमच्याकडे खांबावरून चोरीची बिजली येते. सासूबाईंनी मीटरचं फिरणारं चाक काकांच्या बायकोला हात धरून आणून दाखवलं. तिनं पाहिलं, मान हलवली, आणि विश्वास ठेवला नाही.

मग आरशांचं सुरू झालं. एके सकाळी मामंजींचा दाढीचा आरसा खिळ्यावर नव्हता. तो मोटारीच्या उजव्या खांबाला बांधलेला सापडला. डावीकडे दुसरा आला. आत, डोक्याच्या वर, तिसरा. मागच्या काचेतून पाठीमागचा रस्ता दिसावा असा तो वाकवून बसवला होता.

काका खिडकीतून म्हणाले, "बहू, जो मागे बघत बघत गाडी चालवतो नं, त्याच्या मागे कोणीतरी असतं."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मला ते खरं वाटलं.

शेवटी सासूबाईंनीच युक्ती काढली. मला माहेरी जायचंय, टांगा मिळत नाही, तर मामंजींनी दुपारी मोटारीनं सोडावं. येताना त्यांच्याबरोबरच परत यावं. मध्ये कुठं थांबतात, कुणाला भेटतात, बघून यावं. मामंजींसमोर उभं राहून त्यांनी यातलं फक्त टांग्याचं सांगितलं.

"टांग्यानं जा म्हणा नं," ते म्हणाले.

"का? सुनेला मोटारीत बसवायला लाज वाटते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या घरच्या रीतीनं डोक्यावर पदर, मान खाली. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण गाडीत बोलायचं नाही. ध्यान भटकतं. आणि मागच्या काचेपाशी काही ठेवायचं नाही."

सासूबाईंनी मला डोळ्यानं खुणावलं: बघितलंस?

तो प्रवास मला अजून आठवतो. आवाज म्हणाल तर फक्त टायरांखाली खडी सरकल्याचा आणि खाली कुठंतरी साखळी फिरल्याचा. रस्त्यावरच्या बायकांची बोलणी कानावर पडत होती. भाजीवाल्याचा तराजू खणकलेला ऐकू आला. माणसं मध्येच रस्त्यावर येत, कारण त्यांना आम्ही ऐकूच येत नव्हतो. मग मामंजी पायानं घंटा दाबत, टण्ण, आणि माणूस उडी मारून बाजूला होऊन आमच्याकडे असं बघे, जसं आम्ही त्याच्या खिशात हात घातला होता. राजवाड्यापाशी एक म्हातारा, दरबारची गाडी समजून, हात जोडून उभा राहिला. दुसऱ्यानं शिवी दिली. कुणी हसलं नाही.

मामंजींचे डोळे मात्र एका जागी नव्हते. समोर, उजवा आरसा, वरचा आरसा, डावा, परत समोर. मी मनाशी म्हटलं, कुणाला चुकवताहेत?

ते कुठंही थांबले नाहीत. मला दारात सोडलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत न्यायला आले. आईनं डबे भरून ठेवलेले: पापड, कुरडया, लोणच्याची बरणी, सगळं एका चादरीत बांधलेलं. मांडीवर घेतलं तर मला समोरचं दिसेना. मी बसता बसता गाठोडं उचलून सीटच्या मागं, काचेपाशी ठेवून दिलं. मामंजी तेव्हा वडिलांना नमस्कार करत होते. त्यांनी पाहिलं नाही.

मल्हारगंजाच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. एका बाजूला कडब्याच्या पेंढ्यांची गाडी सोडलेली होती. मागून ट्रकचा हॉर्न आला. मामंजी मध्यातून चालले होते. दुसऱ्यांदा आला, मग लांब, सतत. मामंजी वरच्या आरशात बघत होते, मान थोडी वाकडी करून परत बघत होते, पण बाजूला घेत नव्हते. मला वाटलं, हा दरबारी ताठा. ट्रकवाल्यानं यांच्यासाठी थांबावं.

"मामंजी, मागं ट्रक आहे!"

त्यांची नजर आरशातच.

"मामंजी! बाजूला घ्या!" मी ओरडले. रस्त्यावरची दोन माणसं ओरडली. मामंजींच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ट्रकची सावली काचेवर चढली, तेव्हा मी दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरून माझ्याकडे ओढला. दांडा फिरला, मोटार कडब्याच्या पेंढ्यांत घुसली आणि थांबली. ट्रक आम्हाला घासत निघून गेला. त्याचा लोंबणारा दोर आमच्या काचेवर सपकन बसला.

मामंजींनी त्या ट्रककडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वळून मागच्या काचेकडे, त्या गाठोड्याकडे.

"केव्हाचा आला हा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, केव्हाचा हॉर्न वाजवत होता. पण ते मी पदरात तोंड धरून, मान खाली घालून म्हटलं, जसं त्यांच्याशी रोज बोलायची तसंच.

"पदर खाली घे, सूनबाई," मामंजी म्हणाले. "असं नाही कळत."

मी मान वर केली. तोपर्यंत मी त्यांच्या चेहऱ्याकडे सरळ कधी पाहिलंच नव्हतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, वाट बघत.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" मी हळू विचारलं. आवाजच न काढता, नुसते ओठ हलवून.

"नाही," ते म्हणाले.

पेंढ्यांचा मालक आरडाओरडा करत आला. मामंजींनी उतरून त्याच्या पेंढ्या स्वतःच्या हातांनी रचून दिल्या. मग मोटार पुढे एका पिंपळाखाली घेतली, आणि तिथं काचा लावून मला सगळं सांगितलं. बहिऱ्या माणसाचा आवाज वर जातो, तसा त्यांचा जात नव्हता. ते फार हळू बोलत होते, बहुधा भीतीनं.

ऐकू कमी येणं मोटारखान्यातच सुरू झालं होतं. तिथं चाललं, कारण त्या गाड्या त्यांना पाठ होत्या. सेठची गाडी नवी. पेट्रोलची गाडी कानानं चालवायची असते. इंजिन कधी वर चढलं, गिअर कधी टाकायचा, हे आवाज सांगतो. त्यांचे गिअर कडकडायला लागले. चालू इंजिनाला परत स्टार्टर मारला तेव्हा सेठच्या मुलानं हसून, अंगठा तोंडाशी नेत विचारलं, क्या भिया, सुबह सुबह लगा ली? मग एक दिवस मागे बसलेल्या सेठाणी 'रोको, रोको' ओरडत राहिल्या आणि गाडी चालतच राहिली. समोर एक बाई डोक्यावर हांडा घेऊन रस्ता ओलांडत होती. मामंजींनी तिला शेवटच्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं. हांडा चेपला, बाई वाचली. दुसऱ्या सकाळी त्यांनी किल्ल्या दिल्या.

"मग कारण सांगायचं नं," मी म्हटलं. "लोक काय काय बोलतात. चोर म्हणतात."

"म्हणू दे. बहिरा ड्रायव्हर म्हणण्यापेक्षा चोर बरा. चोराला लोक घाबरतात तरी."

बाईसाहेबांच्या बग्गीखान्यात ही मोटार धूळ खात पडली होती. घर आवरायचं होतं, भंगारवाला दारात उभा होता. त्यांनी विचारलं, तुम्हाला हवी तर न्या. मामंजींना अचानक उमगलं, की हिला कान लागतच नाहीत. समोर दोन सुया आहेत: एक बॅटरीत किती आहे ते सांगते, दुसरी किती खर्च होतंय ते. सगळं डोळ्यांसमोर. त्यांनी ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या बसवल्या, आणि रोज दुपारी रस्ते कमी भरलेले असताना आरशांवर गाडी चालवायला शिकत फिरले. याच त्यांच्या गुप्त फेऱ्या.

"आणि बघ, शहर केवढं?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "घरून मंडई, मंडईहून दवाखाना, दवाखान्याहून घर. त्यासाठी एवढं मोठं इंजिन कशाला पाहिजे? लढाईतली पेट्रोलची कुपनं आठवत नाहीत का? शाळेच्या मास्तरणी आहेत, पेशंट आहेत, म्हाताऱ्या बायका आहेत. त्यांना रोज सोडायचं, आणायचं. अशी छोटी गाडी पुरते. अशा चार झाल्या तर..." मग थांबले. "तू घरात सांगशील?"

मी मान हलवली, नाही.

घरी सासूबाई दारातच होत्या. "काय कळलं?"

"काही नाही. सरळ गेलो, सरळ आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता संशयितांत मीही आले. त्या दिवसापासून मी रोज दुपारी मामंजींबरोबर मोटारीत जायला लागले. आमच्या खुणा ठरल्या. मागून काही आलं की त्यांच्या दंडाला एक टिचकी, थांबायचं असेल तर मनगट दाबायचं. आता मी डोक्यावरचा पदर मागे सरकवून, त्यांच्या तोंडाकडे बघत बोलायची. गल्लीला तेवढं पुरलं. काकांची बायको सासूबाईंना म्हणाली, "तुमची सून फार मोकळी झाली हो." सासूबाई माझ्याशी मीठ-मिरचीपुरतं बोलायला लागल्या. रात्री मी उशीत तोंड खुपसून पडायची आणि वाटायचं, सांगून टाकावं. पण वचन दिलं होतं.

उन्हाळ्यात सरकार परत आलं, आणि आमचे हेही. दोन दिवसांत गल्लीनं त्यांचे कान भरले. आणि त्याच आठवड्यात एक सरकारी साहेब चौकशीला आले. कुणीतरी कळवलं होतं, की दरबारच्या मोटारखान्यातली गाडी इथं आहे. कुणी ते कुणी सांगितलं नाही. समोरची खिडकी त्या दिवशी बंद होती एवढं मला आठवतं.

साहेब ओट्यावर खुर्चीत बसले. जाड मिशा, तोंडात पान, ओठ मिटलेले. बोलताना ते कागदाकडे बघत. मामंजी समोर उभे. शेजारी आमचे हे, सरकारी नोकर, घाम पुसत. दाराआड सासूबाई आणि मी.

"गाडी मोटारखाने की है?" साहेबांनी खाली बघतच विचारलं.

मामंजींनी त्यांच्या मिशांकडे डोळे बारीक करून पाहिलं. "जी."

यांनी दचकून वडिलांकडे पाहिलं.

"किसने दी?"

"जी, दो साल पुरानी बॅटरी है."

साहेबांनी मान वर केली. "हमसे मजाक करते हो?"

"जी."

"बाबा!" हे ओरडले. "काय बोलून राहिलात?"

मामंजी यांच्याकडे बघेपर्यंत वाक्य संपलं होतं. ते हसले. न कळलेलं लपवायला ते तसेच हसायचे, ते मला आता ठाऊक होतं. पण साहेबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद घडी करायला घेतला आणि म्हणाले, उद्या कचेरीत यावं लागेल, गाडी तिथं जमा करावी लागेल.

मी दाराबाहेर आले. सासूबाईंनी माझा पदर ओढला, तो हातातून सुटला.

"साहेब, उनको सुनाई नहीं देता," मी म्हणाले. "बिल्कुल नहीं. आप सामने देखकर बोलिए, तो वो समझ लेंगे. पान थूक दीजिए."

मामंजींची माझ्याकडे पाठ होती. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं नाही. पण त्यांनी साहेबांचा चेहरा पाहिला, मग मुलाचा, आणि हळूच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्या नजरेचं मी काय सांगू? पण परत तशी वेळ आली तर मी तेच करीन.

साहेब भला माणूस निघाला. उठून पान थुंकून आला, मामंजींसमोर खुर्ची ओढून बसला आणि एकेक शब्द सावकाश बोलला. पाच मिनिटांत सगळं उलगडलं. यांना लगेच बाईसाहेबांकडे पिटाळलं. त्यांच्या दिवाणजींनी येऊन सांगितलं, की गाडी सरदारांनी स्वतःच्या घरासाठी आणली होती, दरबारचा तिच्याशी काही संबंध नव्हता. साहेब जाताना मोटारीभोवती एक चक्कर मारून गेले. "चलती कितना है?" त्यांनी ओठ उघडून विचारलं. "शहर के लिए काफी," मामंजी म्हणाले.

आत सासूबाई पाटावर बसल्या होत्या. रडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने मी जे जे बोलले, त्यातलं यांनी काहीच ऐकलं नाही?" आणि मग खरंच रडायला लागल्या.

मामंजी माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. ताट समोर ठेवलं तर खाली बघून जेवायचे, म्हणजे मी बोलले तरी त्यांना कळू नये. मोटार पडवीत झाकून ठेवलेली. गल्लीत दुसरी कुजबुज सुरू झाली होती, पण या वेळी दयेची. ती त्यांना जास्त लागत होती. समोरच्या काकांनी एकदा ओट्यावर येऊन मोठ्यानं, हातवारे करत, 'कैसे हो' विचारलं, तेव्हा मामंजी उठून आत निघून गेले.

एका सकाळी मी धुणं वाळत घालत होते. मामंजींनी मोटारीवरची चादर काढली, बॅटऱ्या तपासल्या, आणि दार उघडून आत बसले. पण दांड्याच्या बाजूला नाही, माझ्या जागेवर. मला हात केला.

"ये. कान तुझेच वापरायचे तर हातही तुझेच चालू दे."

मी म्हटलं, मला येणार नाही.

"बाईसाहेबांना आलं, तर तुला का नाही येणार?" ते म्हणाले, आणि खिडकीतून बघणाऱ्या सासूबाईंकडे पाहून चक्क हसले.

बड़ा गणपतीपासून कान्ह नदीपर्यंत, काठच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला शिकवलं. माझ्या चुका त्यांना सुईत दिसायच्या. "सुई एकदम वर गेली, म्हणजे तू घाबरलीस. हळू." शिकल्यावर मी दोन मास्तरणींना शाळेत सोडायला लागले आणि एका म्हाताऱ्या बाईंना दवाखान्यात न्यायला. मामंजींच्या मनातल्या चार गाड्या कधी झाल्या नाहीत. ही एकच होती, तीही उन्हाळ्यात दमायची, चढावर कधी उभी राहायची, आणि बॅटऱ्यांच्या तळाशी शिसं साचत चाललं होतं. पण वर्षं चार ती चालली.

मग मध्य भारतही गेला, नवं राज्य झालं आणि यांची कचेरी भोपाळला हलली. आम्हा दोघांना जावं लागलं, सासू-सासरे इंदुरातच राहणार होते. मला वाटलं, आता मोटार बंद. निघायच्या दिवशी पाहते तर मोटारीत आमचं सामान भरलेलं, दांड्यावर मामंजी आणि शेजारी सासूबाई. त्यांनी महिनाभर आधीपासून मामंजींकडून सगळ्या खुणा शिकून घेतल्या होत्या, मला पत्ता न लागू देता.

"तुम्हाला खरंच त्यांचं ऐकू न येणं पटलंय का आता?" मी निघताना चिडवलं.

"छे," त्या म्हणाल्या. "मला अजून संशय आहे. लाडू म्हटलं की बरोबर वळतात."

स्टेशनपर्यंत आम्ही टांग्यातून त्यांच्या मागोमाग गेलो. मागच्या काचेपाशी काही ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला दोघं स्पष्ट दिसत होती. सासूबाईंचा एक हात मामंजींच्या दंडावर होता, आणि त्या सारख्या बोलत होत्या, तोंड त्यांच्याकडे वळवून, हातवारे करून. मामंजी आज्ञाधारकपणे समोर, रस्त्याकडे बघत होते.